केलेटी

हे लिहायचंच नाही असं जवळपास ठरलं होतं. ब्रॅकन्शॉ या आमच्या गावात लीक या भाजीबद्दल कुणी काही बोललं, की पुढच्या वर्षी त्याच्या वाफ्यात काहीतरी होतं. कधी गोगलगायी येतात, कधी नळ रात्रभर सुरू राहतो. आणि वाफा मलाही आहे. पण गोष्ट अर्धी फिरली की लोक उरलेली अर्धी आपल्या मनानं जोडतात, आणि या गोष्टीत नेमकं तेच पन्नास वर्षं झालं. म्हणून लिहितोय.

तर आमच्याकडे एक शब्द आहे, केलेटी. वरून झकास आणि आत काहीतरी गोम, ते केलेटी. रंग मारून विकायला काढलेली जुनी गाडी केलेटी. फारच गोड बोलणारा जावई केलेटी. बाई दुकानात अंडी घेताना विचारते, "केलेटी नाहीत ना गं?" आधी हा शब्द गावापुरताच होता. मग आसपासच्या खाणवस्त्यांत गेला. खाणी बंद झाल्या आणि माणसं पांगली, त्यांच्याबरोबर तो इंग्लंडच्या या डरहॅम जिल्हाभर झाला. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या पेपरात कुणीतरी रस्त्याच्या कंत्राटाला केलेटी म्हणालं, आणि पेपरवाल्यानं अर्थ द्यायचीसुद्धा तसदी घेतली नाही.

आता डेरेकचं आडनाव केलेट. विल्फ केलेटचा नातू. तोच विल्फ, ज्याच्यावरून शब्द पडला.

डेरेक शाळेची बस चालवतो. बसमधली पोरं त्याच्या तोंडावर म्हणतात, "ब्रेक केलेटी नाहीत ना?" तो हसतो. पण त्याच्या लेकीनं लग्नात आडनाव बदललं, तेव्हा ती त्याला मिठी मारून म्हणाली होती, "बाबा, राग नको मानूस, पण हलकं वाटतंय." त्यावर मात्र तो हसला नव्हता. त्याच हिवाळ्यात त्यानं बापाची गुलाबं उपटली आणि वाफा पुन्हा लीकसाठी खणायला घेतला.

लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ समजा. खाली गड्डा नाही, नुसती पांढरी कांडी आणि वर हिरवी पात. बाजारात मिळते ती अंगठ्याएवढी. आमची दंडाएवढी. सप्टेंबरात खाणकामगारांच्या क्लबच्या हॉलमध्ये टेबलं मांडतात, पांढरा कागद अंथरतात, जोडी जोडी ठेवतात, टेप लावून मापतात. त्यावरून भाऊ भावाशी बोलायचे थांबलेत.

दुसऱ्याच्या शेतातली जोडी विकत आणून कुणी मांडू नये म्हणून शिक्का. प्रदर्शनाच्या थोडे दिवस आधी कमिटी घरोघर जाते आणि पातीवर जांभळा गोल शिक्का मारते. टेबलावर शिक्का दिसला तर माल तुमचा. नाही दिसला तर बाहेर.

ही पद्धत ज्या वर्षी सुरू झाली, त्याच वर्षी विल्फ केलेटची जोडी सगळ्यांत मोठी निघाली आणि पातीवर शिक्का नव्हता. दोन्हींच्या. विल्फ एवढंच म्हणाला, "माझेच आहेत." पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच. मग टोपी घालून घरी गेला, आणि त्यानंतर क्लबची पायरी चढला नाही. त्याच संध्याकाळी बारमध्ये कुणीतरी फेसच जास्त असलेला बिअरचा ग्लास उजेडात धरून म्हणालं, "हे जरा केलेटी दिसतंय." सगळे हसले. शब्द तिथं जन्मला.

असं सगळे सांगतात. डेरेकला मात्र त्यातला एकच भाग खोटा वाटायचा, तो म्हणजे आजोबा. "नांगराला जुंपलं असतं तरी म्हातारा खोटं बोलला नसता," तो मॉरीनला, म्हणजे बायकोला, म्हणायचा.

"मग शिक्का गेला कुठं?" मॉरीन विचारायची.

"कुणीतरी पुसला."

"कुणी?"

इथं डेरेक बोटं मोजायला लागायचा, कारण यादी मोठी होती. त्या वर्षी पहिलं बक्षीस मिळालं सेप टर्नबुलला, तेव्हा तो जवान पोरगा होता. आता तोच सेप कमिटीचा अध्यक्ष. केलेटांच्या घरातला माणूस क्लबात परत घ्यायला त्यानं डेरेकला ताटकळत ठेवलं, आणि शेवटी घेतलं तेही कसं, तर म्हणाला, "ये बाबा. पण आमचे डोळे उघडे असतील."

याच वर्षी ती डिक्शनरीवाली बाई आली. मिस ऑल्डरसन. शांत, सडपातळ, हातात छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र. क्लबात कोपऱ्यात बसली आणि म्हणाली, शब्द छापायचा ठरलाय, तो कुठून आला ते ऐकायचंय. मग काय, ज्यांना बायकोच्या वाढदिवसाची तारीख आठवत नाही त्यांना पन्नास वर्षांपूर्वीच्या पाती आठवायला लागल्या.

"मी होतो तिथं," सेप म्हणाला. यंत्राच्या अगदी जवळ तोंड नेऊन. "माणूस चोर होता असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, शिक्का नव्हता. बाकी तुम्ही समजून घ्या."

"म्हणजे चोर होता असंच म्हणताय," डेरेक मागून म्हणाला.

सेपनं मान वळवली. "तू इथंच होय? बरं झालं. बाई, हा नातू."

मिस ऑल्डरसननं डेरेकसमोर यंत्र सरकवलं. "तुम्हाला काही सांगायचंय? अजून वेळ आहे. प्रदर्शन झालं की आम्ही ते पान बंद करू."

"काय लिहिणार आहात?"

"आत्तापर्यंत जे ऐकलं ते. विल्फ केलेट या नावावरून, प्रदर्शनात लबाडी केली म्हणून."

"लबाडी केली नाही."

"मग काय झालं?"

डेरेक ग्लास तसाच ठेवून उठला. पाठीमागे कुणीतरी हळूच म्हणालं, "उत्तरसुद्धा केलेटी."

आता डेरेकच्या मनानं असं घेतलं, की आजोबांचा शिक्का ज्यांनी पुसला त्यांची पुढची पिढी आपलाही पुसणार. नातूही तसाच निघाला, असं झालं की गोष्ट कायमची बंद. बाई छापून मोकळी. त्याचे लीक त्या उन्हाळ्यात असे भरले होते की सकाळी बघताना त्यालाच धास्ती वाटायची. मग त्यानं कुंपणाला तार लावली. फाटकाला कुलूप लावलं. सासऱ्याचा कुत्रा आणून बांधला. कुत्रा येईल जाईल त्याचे हात चाटायचा, पण आवाज मोठा होता.

आणि मग त्याला नॉरी दिसला.

नॉरी ब्लॅकलॉक म्हणजे शेजारच्या वाफ्यातला, आणि शाळेपासूनचा दोस्त. खाण बंद झाली त्या दिवशी दोघं एकत्रच वर आले होते. नॉरीचे लीक यंदा पहिले येणार असं अर्धं गाव म्हणत होतं. तो नॉरी भर दुपारी डेरेकच्या वाफ्यात गुडघ्यावर बसलेला, आणि डेरेकला बघताच हात खिशात.

"काय करतोयस?"

"तुझ्या पातीवर तांबेरा दिसतोय का बघत होतो."

"दिसला?"

"नाही."

"मग खिशात काय?"

"हात," नॉरी म्हणाला. "बाहेर काढू? नमस्कार करतो त्यानं."

"फाटकाला कुलूप आहे, नॉरी."

"कुंपणाला नाही." नॉरी उठला, गुडघे झटकले. "काय झालंय रे तुला? कुत्रा काय, तार काय. उद्या मला दारात पास मागशील."

डेरेक हसला नाही. शिक्क्याच्या दिवशी सेपबरोबर शाईची पेटी धरून नॉरीच आला होता. शिक्का सेपनं मारला, पण पेटी नॉरीच्या हातात. शाईत पाणी घालायला कितीसा वेळ लागतो? हा विचार एकदा आला आणि मग जाईना. रोज सकाळी तो चहाचा मग घेऊन वाफ्यात जाऊन शिक्का बघायचा. जांभळा, गोल, ठसठशीत. रोज असायचा. त्याचंही त्याला नवल वाटायचं, जणू नसायला हवा होता.

"नॉरीवर संशय घेतोस?" मॉरीननं भांडी विसळता विसळता विचारलं. "आपल्या लेकीला दवाखान्यात कुणी नेलं होतं बर्फात?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"तोच तर विचारतेय. तुझ्या डोक्यात आहे का काही संबंध?"

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी डेरेकनं जोडी खणून काढली. मुळं धुतली, माती पुसली, शिक्के पुन्हा एकदा बघितले. मग शेडचं दार लावून त्यानं ते काम केलं जे प्रत्येक घरात दार लावूनच होतं. आमच्याकडे कोण लीकला काय पाजतो आणि काय चोळतो हे बायकोलाही सांगत नाहीत. बाप मुलाला सांगतो, तेही कानात. डेरेकच्या बापानं आयुष्यभर गुलाबं लावली, तरी आजोबांचं गुपित मरायच्या आधीच्या हिवाळ्यात डेरेकच्या कानात घातलंच होतं. त्याप्रमाणे त्यानं खाणीतलं जुनं गडद निळं फ्लॅनेल, म्हणजे जाड मऊ लोकरी कापड, भिजवलं आणि जोडीला शेंड्यापासून बुडख्यापर्यंत गुंडाळलं, आजारी मुलाला गुंडाळावं तसं. असं केलं की सकाळी कांडी मोत्यासारखी निघते. आधी शिक्का नसलेल्या चार कांड्यांवर करून पाहिलं होतं, खरंच निघते.

सकाळी बस गॅरेजात आणि त्याची गाडी बॅटरीवाचून. नाइलाजानं नॉरीच्या व्हॅनमधून जावं लागलं. मागे दोघांचे डबे शेजारी शेजारी. क्लबच्या दारात डेरेक नावाची चिठ्ठी आणायला आत गेला. आत रांग होती. तेवढा वेळ डबा आणि नॉरी दोघंच. बाहेर आला तेव्हा नॉरी व्हॅनला टेकून हॅम आणि वाटाण्याच्या घट्ट वरणाचं सँडविच खात होता.

"माझ्या डब्याला हात लावलास?"

"लावला. सरकवला. माझा बसत नव्हता."

हॉलमध्ये कांद्याचा आणि ओल्या मातीचा वास. मिस ऑल्डरसन खिडकीपाशी. डेरेकनं आपल्या जागेवर डबा ठेवला, सगळ्यांच्या देखत फ्लॅनेल उलगडलं. कांड्या अशा निघाल्या की शेजारचा माणूस बोलायचा थांबला. सेप टेप घेऊन आला, वाकला, पात उलटली. दुसरी पात उलटली. मग दुसरी कांडी.

"डेरेक," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "शिक्का कुठंय?"

नव्हता. पातीवर जिथं रोज सकाळी बघायचा तिथं नुसतं हिरवं. लोक जवळ आले. कुणी काही बोललं नाही, आणि तेच वाईट होतं, कारण सगळ्यांच्या तोंडात एकच शब्द होता आणि तो सगळे गिळून उभे होते.

डेरेक नॉरीकडे वळला. "तू केलंस."

"काय?"

"व्हॅनमध्ये. नाहीतर शाईत. खिशात काय होतं त्या दिवशी?"

नॉरीचा चेहरा पडला. रागानं नाही. आपण ज्या घरात जेवतो तिथं कुणी ताट मोजलं तर पडतो तसा. "मला तुझा शिक्का पुसून पहिलं यायचं असतं, तर एव्हाना माझा माल मांडून बसलो नसतो का रे? मी अजून डबासुद्धा उघडला नाही."

"मग गेला कुठं?"

"तुझा तूच सांग. शेवटचा कधी बघितलास?"

"काल दुपारी. गुंडाळायच्या आधी."

"आणि त्यानंतर कुणी उघडलं?"

डेरेक उत्तर द्यायला गेला आणि थांबला. फ्लॅनेलवरची गाठ त्याचीच होती. खाणीतली, डावखुरी, बापानं शिकवलेली. आत्ता त्यानंच सोडली, जशी बांधली तशीच होती.

नॉरीनं टेबलावरचं ओलं फ्लॅनेल उचललं आणि नाकाशी धरलं. "हे कशात भिजवलंय?"

"ते तुला कशाला?"

"वास येतोय. कसला रे हा?" त्यानं पुन्हा हुंगलं. "दारू आहे यात."

गुपित सांगायचं म्हणजे आजोबांचं, बापाचं, सगळ्यांचं उघडं करायचं, तेही टर्नबुलच्या समोर. विल्फनं तेच केलं नव्हतं. फक्त "माझेच आहेत" म्हणून टोपी घातली होती. डेरेकच्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला, की म्हाताऱ्याला कधी कळलंच नसेल. ज्या वर्षी शिक्का आला तेच त्याचं शेवटचं वर्ष. गडद निळ्या कापडावर जांभळं काय दिसणार?

"दूध," डेरेक म्हणाला. "कोमट दूध आणि जिन. निम्मं निम्मं."

हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. "जिन? म्हाताऱ्या आज्यांची दारू लीकला?"

"माझ्या आजीचीच," डेरेक म्हणाला. "ती डॉक्टरनं सांगितलीय म्हणायची. माझे आजोबा यातच गुंडाळायचे. जिननं शाई सुटते. कापडात गेली असेल."

सेपनं मान हलवली. "कापड निळं आहे, बाबा. पिळलं तर रंग येणारच. हे म्हणणं झालं, पुरावा नव्हे. शिक्का असलेली कांडी घे आणि दाखव पुसून."

"माझ्याकडे दुसरी नाही."

"मग कुणाची घेऊ?" सेप सगळ्यांकडे बघून म्हणाला. "द्या कुणीतरी. आहे का कुणी?"

कुणी नव्हतं. माणसं टेबलाकडे सरकली, आपापल्या जोडीसमोर उभी राहिली, कोंबडी पिल्लांवर पसरते तशी. शिक्का पुसला की ती कांडी बाहेर, हे सगळ्यांना माहीत होतं.

नॉरीनं आपला डबा उघडला. साध्या पाण्यानं धुतलेली जोडी. एक कांडी काढून टेबलावर ठेवली. डेरेकच्या टेबलावर. शिक्का वर करून.

"नॉरी," डेरेक म्हणाला.

"बोलू नकोस. आत्ता बोललास तर परत घेईन."

बारमधून जिन आली, किटलीतून दूध आलं, आणि मागे उभ्या असलेल्या मॉरीननं क्लबच्या स्वयंपाकघरातून एक पांढराशुभ्र रुमाल आणला. नॉरीनंच भिजवला. शिक्क्यावर ठेवून तळहातानं दाबला आणि सगळे बघत असताना तसाच धरून ठेवला. मग उचलला. पांढऱ्या रुमालावर जांभळं वर्तुळ होतं. उलटं, पण पूर्ण. पातीवर काहीच नव्हतं.

सेपनं रुमाल हातात घेतला. त्याच्या घरी शोकेसमध्ये ठेवलेलं ते पहिलं बक्षीस कुणाला आठवलं नसेल असं नाही. त्यानं रुमालाची घडी घातली, उघडली, परत घातली.

"नियम नियम आहे," शेवटी तो म्हणाला. "डेरेकची जोडी बाहेर. नॉरीचीही बाहेर, एका कांडीनं जोडी होत नाही." मग थांबून मिस ऑल्डरसनकडे वळला. "बाई, मी तुम्हाला जे सांगितलं होतं ते... ते पुसता येतं का तुमच्या यंत्रातून?"

"पुसत नाही आम्ही," मिस ऑल्डरसन म्हणाली. "हेही जोडू. शब्दाचा अर्थ मात्र तोच राहील हं, मिस्टर केलेट. लोक ज्या अर्थानं बोलतात तो मला बदलता येत नाही. पण कुठून आला, ते आता वेगळं लिहीन. लबाडी हा शब्द तिथं नसेल."

"काय असेल?"

तिनं जरा विचार केला. "दूध आणि जिन, बहुतेक."

"मग केलेटी म्हणजे कडक दूध," मागून कुणीतरी म्हणालं, आणि या वेळी डेरेकही हसला. मॉरीन त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. "लेकीला फोन मी करते," ती म्हणाली. "तू केलास तर रडशील."

पहिलं बक्षीस एका तिसऱ्याच माणसाला गेलं, ज्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

बाहेर व्हॅनमध्ये नॉरी स्टिअरिंगवर हात टाकून बसला होता. डेरेक शेजारी जाऊन बसला.

"खिशात दोरी होती," नॉरी म्हणाला. "तुझी जाडी मापायला आलो होतो. झालं समाधान?"

"मग?"

"मग काय. तू पुढं होतास. बोटभर. घरी जाऊन जेवलो नाही." त्यानं किल्ली फिरवली. "तेव्हा फार उपकार मानू नकोस. माझा दुसरा नंबरच गेलाय."

"मी सगळ्यांसमोर तुला चोर म्हणालो."

"म्हणालास."

"घरातून काही द्यायचं म्हटलं तर माझ्याकडे एकच आहे," डेरेक म्हणाला. "आजोबांच्या जातीचं बी. बापानं गुलाबांच्या आड दोन-चार रोपं ठेवून जपलेलं. केलेटांच्या बाहेर कधी रोप गेलं नाही. बापानं सख्ख्या भावाला दिलं नव्हतं."

नॉरीनं त्याच्याकडे बघितलं. "बोलायला काय जातं. मार्च आला की विसरशील."

"नाही विसरणार. मार्चमध्ये रोपं वर आली की पहिला ट्रे तुझ्या दारात आणून ठेवीन, नॉरी. माझ्या वाफ्यात एक रोप लावायच्या आधी. शब्द देतो."